नाकाने चालवलेली बस

“हे कुणालाच खरं वाटणार नाही,” आजोबा बुटाच्या नाडीशी झटापट करणाऱ्या नातीला म्हणाले, “पण मी एकदा भरलेली बस नाकाने चालवली होती.”

“म्हणजे नाकाने स्टिअरिंग धरलं?”

“स्टिअरिंग हातानेच गं. रस्ता नाकाने. घाटात धुकं असं, की वायपरवर पाल बसली तरी कळू नये. मग काच खाली केली आणि वास घेत निघालो. निलगिरीचा वास आला की डावीकडे वळायचं. बेकरीचा आला की उजवीकडे.”

“आणि शिंक आली असती तर?”

“आली ना! बस थेट न्हाव्याच्या दुकानात. पुढच्या बाकांवरच्यांची दाढी फुकटात झाली.”

नात खिदळली. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि ती होतीही तशीच. आजोबांच्या थापांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच तिला त्या सांगायला त्यांना मजा यायची.

घरातले बाकीचे मात्र एका बाबतीत त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. हवामान. जन्मभर घाटात बस चालवलेला माणूस. तो म्हणाला रस्ता धड नाही, की मुलगा निमूट सामान उतरवायचा. दरवर्षी सुट्टीत सगळे इथे जमत, घर दणाणून सोडत, आणि निघायच्या दिवशी आजोबांना कुठूनतरी वादळ दिसे. कधी दरड, कधी गारा. तेवढाच आणखी एक दिवस. नोकरीत असताना घरच्या प्रत्येक बारशाला, लग्नाला ते नेमके रस्त्यावर असायचे. ते हुकलेले दिवस ते असे एकेक करून वसूल करत होते.

गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी सूनबाईला निघायची घाई होती. घाटापलीकडे तिची आई आजारी होती. फार काही नाही म्हणाले होते डॉक्टर. आजोबा फोन घेऊन व्हरांड्यात गेले. बंद फोनवर डेपोतल्या जुन्या मित्राशी जोरजोरात बोलले आणि आत येऊन म्हणाले, “घाटात धुकं आहे. गाड्या सोडत नाहीयेत. उद्या जा.”

त्याच संध्याकाळी सूनबाईची आई गेली.

सूनबाई रडत रडत त्यांच्याजवळ येऊन बसली होती. “तुम्ही अडवलंत म्हणून आम्ही सुखरूप राहिलो, बाबा,” म्हणाली. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकोच्या फोटोपुढे उभं राहून आजोबांनी शपथ घेतली: बाकी हव्या तेवढ्या थापा मारीन, पण हवेबद्दल पुन्हा कधी खोटं बोलणार नाही. सूनबाईला खरं सांगायचं मात्र राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं.

यंदाचे दिवसही भुर्रकन गेले. काल सगळ्यांचा एकत्र फोटो झाला. “आजोबा, कॅमेरा इकडे! तिकडे नळ आहे!” भिंगरी ओरडली आणि सगळे लोळायचे बाकी राहिले. रात्री पत्त्यांत त्यांनी दोनदा भलताच पत्ता टाकला. हल्ली दिवेच मिणमिणते मिळतात, त्याला कोण काय करणार?

आतून मुलाचा आवाज आला. “अगं, माझा गॉगल कुठे गेला?”

“तुझ्याच डोक्यावर आहे!” सूनबाई ओरडली.

आजोबांनी किटलीतून चहा ओतला. तो कप भरून बशीत, बशीतून टेबलावर आला. “हात थरथरतो मेला,” ते पुटपुटले आणि कप घेऊन खिडकीशी गेले. आज थांबा म्हणायला त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. जाताना हात हलवायचा, बस्स.

आणि त्यांनी बाहेर पाहिलं.

धुकं. दाट, दुधासारखं. फाटक गायब. फाटकाबाहेरची गाडीही गायब. त्यांनी बाहीने काच पुसली, चष्मा पुसला. धुकं जागचं हललं नाही. पाखरं मात्र त्याला न जुमानता कलकलत होती. खिडकीची कड हाताला कोमट लागली. मघाशी कुणी किटली ठेवली असेल.

म्हाताऱ्याच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खोटं बोलायची गरज नव्हती!

“भिंगरे, पळ! आईला सांग, आज निघायचं नाही. केवढं धुकं पडलंय!”

भिंगरी एका पायात बूट घालून आत पळाली. “आई! राहायचं! आजोबा म्हणतात धुकं आहे!”

सूनबाई पिशवी घेऊनच बाहेर आली.

“धुकं?”

“आपल्या दारात आलंय, घाटात काय असेल!” आजोबांचा आवाज आनंदाने कापत होता. “फाटकसुद्धा दिसत नाही. गाडी काढू नका, सूनबाई. हिच्या फोटोची शपथ, या वेळी अगदी खरं सांगतोय.”

सूनबाई खिडकीपाशी येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. बाहेर पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. पिशवी तिने हळूच खाली ठेवली.

“बाहेर लख्ख ऊन आहे, बाबा,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीही असंच होतं ना?”