अरुंधतीचा ससा

सत्यवतीनं बाही वर सारली, स्वतःच्या दंडाला रबरी नळी आवळली आणि सुई आत घातली. आज अरुंधतीच्या सशाचं पितळ उघडं पाडायचंच होतं.

ससा कसला, लाडोबा नुसता! लॅबमध्ये दोघींनी आपापल्या सशाला एकच प्रोटीन टोचलं होतं. शरीराला ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड हे प्रोटीन रक्तात सोडतं, नवं रक्त तयार करा म्हणून हाडांना सांगायला. सशाच्या अंगात त्याला ओळखणारी अँटिबॉडी तयार झाली, की माणसाच्या रक्तातलं ते प्रोटीन मोजता येणार होतं. नागपूरच्या सिकलसेलच्या, म्हणजे अंगात रक्त कमी पडणाऱ्या, पेशंटांसाठी ते हवंच होतं. ज्या सशाची अँटिबॉडी चांगली, त्याच्या मालकिणीला पक्की नोकरी. दुसरीनं घरी बसायचं.

अरुंधतीच्या सशानं पेशंटांच्या रक्तात भरभरून प्रोटीन दाखवलं. सत्यवतीच्या सशानं जेमतेम. तेव्हापासून सत्यवतीचा जळफळाट चालला होता. अरुंधतीचं हसणं तिला खुपायचं, सर तिला ‘अरुंधतीबाई’ म्हणायचे ते खुपायचं. तिच्या सशाचा पिंजरा कूलरसमोर होता, तेही. सशाचासुद्धा हेवा वाटावा, म्हणजे कमालच की! रोज कोराडीहून बसनं येऊन दोन जिने चढले की सत्यवतीची छाती धडधडायची, दम लागायचा. वर अरुंधती आधीच टेबलाशी बसलेली. हिला बघूनच आपला जीव जळतो, असं सत्यवतीनं ठरवून टाकलं होतं. उरलेला दोष कोराडीच्या वीजकेंद्रातून उडणाऱ्या राखेला.

प्रयोगाला निरोगी रक्त लागलं की ज्याचा प्रयोग त्यानं आपलंच द्यायचं, ही लॅबमधली रीत. निरोगी रक्तात हे प्रोटीन नावापुरतंच असतं. अरुंधतीनं स्वतःच्या रक्तावर तपासून घेतलं होतं म्हणे, पण तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? सत्यवतीच्या निरोगी रक्तातही अरुंधतीच्या अँटिबॉडीला भरपूर प्रोटीन दिसलं, तर ती अँटिबॉडी काहीच्या बाही दाखवते हे उघड होणार होतं.

आणि तसंच झालं. अरुंधतीच्या अँटिबॉडीनं सत्यवतीच्या रक्तात थेट पेशंटाइतकं प्रोटीन दाखवलं. सत्यवतीच्या स्वतःच्या अँटिबॉडीनं अगदी नावापुरतं. तिला इतका आनंद झाला की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, खुर्ची धरावी लागली.

चहाच्या वेळी तिनं विभागप्रमुख गणपतरावांपुढे, अरुंधतीच्या देखत, तो निकाल ठेवला.

"चांगल्या माणसाले बिमार ठरवते, सर. अशी अँटिबॉडी काय कामाची?"

गणपतरावांनी चष्मा काढला आणि अरुंधतीकडे बघितलं. तिची नोकरी गेल्यातच जमा होती. अरुंधती मात्र निकालाकडे बघतच नव्हती. कप धरलेल्या सत्यवतीच्या बोटांची नखं पांढरीफटक होती, तिकडे तिची नजर होती.

"जिना चढताना दम काहून लागते वं तुले?"

त्याचा इथं काय संबंध, असं सत्यवती फणकारली. अरुंधतीनं तिची खालची पापणी ओढून बघितली आणि सरळ बोटाला सुई टोचली. हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्याहून कमी निघालं. दर महिन्याला अंगावरून किती जातं, ते सत्यवतीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. या चढाओढीत दवाखान्यात जायला तिला सवड कुठं होती? रक्त कमी, म्हणून ऑक्सिजन कमी, म्हणूनच ते प्रोटीन भरपूर; अरुंधतीच्या सशानं तिला बरोबर ओळखलं होतं. धडधाकट ठरवलं होतं ते तिच्या स्वतःच्याच सशानं.

गणपतरावांनी तिला तिथूनच वॉर्डात पाठवलं. रक्ताच्या बाटल्या लागल्या, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पक्की नोकरी अरुंधतीला मिळाली, मिळायलाच हवी होती.

दिवाळीच्या आधी सत्यवती आपलं सामान न्यायला आणि तिचे आभार मानायला आली. दोन्ही जिने ती न थांबता चढली. छाती धडधडली नाही, दम लागला नाही. वर अरुंधती आपल्या टेबलाशी ससा मांडीवर घेऊन बसली होती. सत्यवतीनं तिचा हात हातात घेऊन आभार मानले, अगदी मनापासून. आणि तेवढ्यात छातीत तेच जुनं जळायला लागलं.

आता दोष द्यायला ना राख होती, ना कमी रक्त.