खिडकीतली रंगीत तालीम

"नाव?" वडिलांनी खिडकीच्या काचेआडून विचारलं.

बाहेर गॅलरीत, वाळत घातलेल्या दोन टॉवेलांच्या मधोमध, त्यांची मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती. विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीला दोन दिवस उरले होते. तिथे अधिकारी काचेपलीकडे बसतो आणि कागद फटीतून आत सरकवायचे असतात, असं कुणीतरी सांगितल्यामुळे वडिलांनी बेडरूमची सरकती खिडकी चार बोटं उघडी ठेवून आत कार्यालय थाटलं होतं. खाली लेंगाच होता, पण वर कोट चढवला होता. अधिकारी जेवढा दिसतो तेवढाच सजवायचा असतो. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी, पोरीला घराबाहेर काढलं की काय म्हणून, एव्हाना दोनदा डोकावून पाहिलं होतं.

वडील विमा कंपनीत दावे तपासायचे. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या अंगठ्या, आपोआप दरीत उतरलेल्या मोटारी. तीस वर्षं लोकांच्या थापा ऐकून त्यांचा कान इतका तयार झाला होता, की निवृत्तीनंतरही पेपरवाला "काल ताप होता" म्हणाला, तर ते "किती वाजता?" असं विचारत.

"हेच विद्यापीठ का?"

मुलगी अडखळली. तिने कान खाजवला, दोनदा "म्हणजे" म्हणाली, एका प्राध्यापकांचं नाव विसरली आणि वाक्य संपल्यावर तिला ते आठवलं. वडिलांनी समाधानाने मान हलवली. उत्तर कच्चं होतं, त्यामुळे खरं होतं. हाच विषय का, राहणार कुठे, तिथेही तीच गत.

"शिक्षण संपल्यावर परत येणार का?"

"हो सर. माझे आईवडील इथे आहेत, माझं भविष्य इथेच आहे आणि मिळवलेल्या ज्ञानाचा उपयोग मला इथल्या लोकांसाठीच करायचा आहे."

ना कान खाजवला, ना "म्हणजे" म्हणाली. एका दमात, डोळ्याला डोळा भिडवून.

वडिलांच्या मनात पाल चुकचुकली. गोदाम जळालेला एक व्यापारी अगदी याच सुरात बोलला होता. त्याचा सगळा माल पुढे मेव्हण्याच्या माळ्यावर सुखरूप सापडला.

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात मुलीने आपलं लिहायचं टेबल मावशीच्या मुलीला देऊन टाकलं, तेव्हा बायकोला लेकीच्या मोठ्या मनाचं कोण कौतुक वाटलं होतं. पण दोन वर्षांसाठी जाणारा माणूस टेबलावर चादर टाकतो. देऊन टाकत नाही. आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला लहानपणीच्या लसीकरणाचं मूळ कार्ड कशाला लागतं? ते फाइलमध्ये सगळ्यात तळाशी होतं. तळाशी ठेवलेल्या कागदांवर वडिलांनी अख्खी नोकरी काढली होती.

"आणि नाही आलात, तर?"

"हा प्रश्न यादीत नाहीये, बाबा."

"सर."

"हा प्रश्न यादीत नाहीये, सर."

वडील खाली मान घालून कागद चाळू लागले. परवा खऱ्या काचेमागे कुणीतरी असाच कान तयार झालेला माणूस बसलेला असेल. तो हे उत्तर पहिल्या वाक्याला पकडेल. अर्ज नामंजूर. टेबल मावशीकडून परत आणता येईल, मावशीचं काय, चार दिवस फुगून बसेल. पोरगी इथेच राहावी यासाठी आपण काही करायचंही नव्हतं. नुसतं 'छान' म्हणायचं होतं.

"छान," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना त्या गोदामवाल्यासारखा वाटला.

मुलीचा चेहरा खुलला. फाइल मिटून, टॉवेल बाजूला सारून ती गॅलरीच्या दाराकडे निघाली. वडिलांनी काचेवर टकटक केलं.

"थांब. ते परत येण्याचं उत्तर पकडलं जाईल."

ती लगेच वळली नाही. "का? काय चुकलं त्यात?"

"काहीच चुकलं नाही. तेच वाईट दिसतं."

ती टॉवेलाच्या काठाकडे बघत राहिली आणि वडील कोटाच्या बटणाकडे. मग वडिलांनी आयुष्यभर जे पकडलं, ते सगळं उलट्या बाजूने शिकवायला घेतलं. प्रश्न संपल्या संपल्या तोंड उघडायचं नाही. भविष्य, ज्ञान असले जड शब्द घरी ठेवून जायचं. एखादी बारीकशी, बिनकामाची गोष्ट सांगायची, जी कुणी मुद्दाम रचत बसणार नाही.

दुसऱ्या खेपेला तिने घाई केली. तिसऱ्या खेपेला आई मध्येच टॉवेल काढायला आली आणि जाताना अर्जदाराच्या हातात दोन चिमटे देऊन गेली.

चौथ्या खेपेला मुलगी गप्प राहिली. खालून एक स्कूटर गेली, तिचा आवाज विरला, तरी गप्पच.

"येईन," ती म्हणाली. "बाबा जिना चढताना कठडा धरतात. कुणी बघतंय असं वाटलं की सोडतात. म्हणून मी चपलेत खडा गेल्यासारखं करून मागे थांबते. तेवढ्यात ते पुन्हा धरतात."

वडिलांनी उत्तर तपासलं. वेग पाहिला, नजर पाहिली, हातातले चिमटे पाहिले. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. हे खरं होतं की शिकवणी फळाला आली होती, तीस वर्षांच्या कानाला काही सांगता येईना.

कोट काढत ते बाहेरच्या खोलीत आले. आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय हो, परत येईल ना ती?"

"व्हिसा मिळेल तिला," ते म्हणाले.