उसना उजवा हात

अर्धांगवायूनं नवऱ्याचा उजवा हात गेला, तेव्हापासून चार तारांचं युकुलेले त्याच्या मांडीवर असे, डाव्या हाताची बोटं तारा दाबत आणि त्या छेडायला बायको शेजारी बसे. खाली, खाली, वर, वर, खाली, वर. तीन महिने तिचा हात मध्येच अडे. "धूळ झटकतेयस की वाजवतेयस?" तो म्हणे. "तार लागो न लागो, हात हलता राहिला पाहिजे, बाई." आज पहिल्यांदाच अख्खं गाणं न अडखळता पार पडलं. ती हरखून म्हणाली, "जमलं की हो." "जमलं," तो म्हणाला. "तू चुकायचीस तोवर वाटायचं, माझ्या हाताची सर कुणाला यायची नाही. तेवढंही ठेवलं नाहीस." मग डाव्या हातानं तो एकेक खुंटी सैल करू लागला. वाद्य मांडीवरून घसरत होतं. तिनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं, चौथी तार लोंबेपर्यंत.