चार चाकांचं अंग

यमुनाबाईंनी गाडीच्या जाणिवा अंगात उतरवणारा पट्टा मनगटाला बांधला, तशी चारही चाकांना जोर देणारी ती जुनी गाडी त्यांच्या अंगात आली. चार चाकं म्हणजे आता त्यांचेच हातपाय. दिवस भरलेल्या सुनेला हिच्यातूनच घाट उतरवायचा होता, म्हणून विकत घेण्याआधी ही पारख.

पहिल्याच वळणावर डावा गुडघा ठणकला.

"रस्ताच खराब आहे, मावशी," गाडी विकणारा सुदाम स्टिअरिंगवरून म्हणाला.

"रस्ता? मागचं डावं चाक तेवढं नवं घातलंस, बाकी तीन झिजलेली. ओढाताणीत आतले गिअर मरतायत. एका पायात जाड चप्पल, दुसरा अनवाणी, चाल बघू तसा!"

सुदामनं गाडी परत नेऊन चारही चाकं सारखी बसवली.

मग घाटात शेवाळावरून पुढचं चाक सटकलं. यमुनाबाईंचा हात अधांतरी गेला आणि कुणी न सांगता उरलेल्या तीन चाकांनी भार उचलला.

त्या थक्क झाल्या.

"माझ्या घरात चाळीस वर्षांत हे घडलं नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "चल, सुनेला घेऊन येऊ."