चौदा नंबरचा दिवा

“आवळ,” दादा म्हणाला.

वायरवाल्यानं लॅपटॉपवरून मान वर केली. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या स्विचमध्ये येतात, तो समोरच्या भिंतीवर लुकलुकत होता. चौदा नंबरचा दिवा तर वेड लागल्यासारखा. चौदा म्हणजे दादाच्या धाकट्या भावाची वायर.

“आवळतो दादा. पण हे सगळं चाललंय कुठे, ते आधी बघू का?”

“कुठे म्हणजे? बाहेर! मी जेवायला गेलो की रोज हा पाठवायला बसतो. आपले नकाशे त्या टकल्याला चाललेत. परवा त्याच्याबरोबर चहा पीत होता, मी या डोळ्यांनी बघितलंय.”

टकला म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा नकाशेवाला, यांची गिऱ्हाइकं फोडणारा. वायरवाल्यानं कशाला मध्ये पडावं? चौदातून स्विचमध्ये जे शिरेल त्याला त्यानं मर्यादा घातली. थेंबथेंब येऊ दे, जास्तीचं गळून जाऊ दे. दिव्याची लुकलुक मंदावली.

“आता बघच,” दादा म्हणाला, “बोंबलत येईल माझ्याकडे. मग विचारतो, एवढं पाठवतोस तरी काय, बाबा?”

प्रश्न त्यानं पाठ करून ठेवला. भुवई कधी उचलायची तेही ठरवलं असणार. पण धाकटा काही येईना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. उलट येता-जाता हसायचा, वहिनीचा खोकला कसा आहे म्हणून विचारायचा. दादाचा पारा चढत चालला. सरळ माणूस ओरडला असता की! हा गप्प, म्हणजे चोराच्या मनात चांदणं.

मग एका दुपारी धाकटा मुठीत काहीतरी घेऊन उठला. दादानं चपला काढून हातात घेतल्या आणि मांजरासारखा मागे निघाला. स्वतःच्याच ऑफिसात, या वयात!

धाकटा रस्त्यावर गेलाच नाही. मागच्या अडगळीच्या खोलीत शिरला. कागदांच्या गुंडाळ्यांमागे एक जुना कॉम्प्युटर घरघरत होता. त्यानं मुठीतली छोटी डिस्क त्याला जोडली. पडद्यावर ऑफिसचे नकाशे एकेक करून उतरू लागले.

“सापडलास!” दादा ओरडला. “काय चाललंय हे?”

“प्रती ठेवतोय,” धाकटा म्हणाला. “मागे तुझं मशीन बसलं, सगळं काम गेलं, तेव्हा तू पोरासारखा रडला होतास. तेव्हापासून रोज इथे पाठवून ठेवतो. आता वायरीतून जात नाही, म्हणून हातानं आणतो.”

“आणि तो टकला?”

“नोकरी देत होता. नको म्हटलं.”

हातातल्या चपला कुठे लपवाव्यात ते दादाला कळेना.

“मग वायर हळू झाली तर मला बोलला का नाहीस?”

धाकट्यानं आधी चपलांकडे बघितलं, मग दादाकडे.

“विचारलं असतं, तर तू ‘मीच केलं’ म्हणाला असतास. न विचारता बरं चाललं होतं, दादा.”

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिथूनच वायरवाल्याला फोन लावला. “सोड! चौदा पूर्ण मोकळा सोड!”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला गेला नाही. वायरवाल्याला बोलावून घेतलं आणि स्विचसमोर जाऊन उभा राहिला. चौदाचा दिवा नुसता जळत होता, लुकलुकत नव्हता. काचेपलीकडे धाकटा खाली मान घालून काम करत होता.

“मर्यादा काढलीस ना रे?”

“कालच काढली.”

“मग वायर सैल झाली असेल. बघ जरा.”

वायरवाल्यानं वायर दाबून बघितली, ओढून बघितली.

“वायर घट्ट आहे, दादा. तिकडून काही येतच नाहीये.”