सातही मजले

"सातही मजले बघणार, मगच सही," तपासनीस म्हणाले.

"बाबा, सहीला पाच सेकंद लागतात," मुंगी म्हणाली.

मुंगी म्हणजे त्यांची दहा वर्षांची मुलगी. दुकानातून भाड्याने आणलेला भुताचा व्हिडिओ गेम तिच्या मांडीवर होता. दुकानदाराचा नियम साधा होता. आधी पालकांनी खेळून बघायचं, कागदावर सही करायची, मग मुलांच्या हातात द्यायचा.

तपासनीस लिफ्ट तपासायचे. इमारत कितीही उंच असो, प्रत्येक मजल्यावर दार उघडून बघितल्याशिवाय ते कागदाला पेन लावायचे नाहीत. आणि हा गेमही नेमका सात मजली इमारतीचा, लिफ्टने वर जायचा.

भुतांची त्यांना काळजी नव्हती. मुंगीची आई जाऊन आठ महिने झाले होते. शेवटच्या दिवशी तिने घोटभर चहा मागितला, म्हणून ते दवाखान्याच्या खोलीतून खाली गेले. वर आले तेव्हा सगळं संपलं होतं. आईचा हात धरून मुंगी एकटीच बसली होती. पोरीने काय पाहिलं, हे विचारायचा धीर त्यांना अजून झाला नव्हता. गेममध्ये दवाखाना निघाला तर सही नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तिला मात्र सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी दोघं खेळायला बसले. पहिल्याच मजल्यावर कपाटातून हात आला आणि तपासनीस खुर्चीतून उडाले.

"बाबा, खोटं आहे ते."

"माहितीये गं. मी घाबरलो नाही, खुर्ची तपासत होतो."

पण गडी रंगला. "आवाज ऐक! लिफ्ट मध्येच अडकली की अस्साच येतो. बनवणाऱ्याने खऱ्या लिफ्टमध्ये दिवस काढलेत. मानलं बुवा!"

तिसरा मजला संपला. लिफ्ट वर निघाली.

"बाबा, चहा करा ना. मलाही घोटभर."

"आत्ता? ऐन रंगात?"

"आत्ताच."

ते चहा घेऊन आले तेव्हा लिफ्ट पाचव्यावर उभी होती.

"आणि चौथा?"

"काही नव्हतं. नुसती अडगळ."

मुंगीने कप दोन्ही हातांनी धरला. तपासनिसांनी आयुष्यात पहिल्यांदा एक मजला दुसऱ्याच्या शब्दावर सोडला.

सातव्यापर्यंत भुतं निघाली, उंदीर निघाले, दवाखाना काही निघाला नाही. त्यांनी झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी कागद द्यायला ते स्वतः दुकानात गेले. "नामी गेम आहे. घाबरवतो, पण कुणाच्या वर्मावर बोट ठेवत नाही."

दुकानदार चकित झाला. "साहेब, चौथ्या मजल्यावर रडला नाहीत? भलेभले रडतात हो. दवाखान्याची खोली, खाटेवर बाई, आणि तिचा शेवटपर्यंत हात धरून बसायचं. मी तुमच्या मुलीला आधीच बजावलं होतं, हे तुला झेपायचं नाही म्हणून."

"मग?"

दुकानदार कौतुकाने हसला. "भारी पोरगी आहे तुमची. म्हणाली, 'मला येतं ते. बाबांना तेवढं चहाला पाठवावं लागेल. आईनेही तसंच केलं होतं.'"