धडधाकट

"हे तर धडधाकट आहे," असं म्हणत मगनने पिल्लू टेबलावरून उचललं आणि परत हिलाल आबांच्या हातात दिलं. "घरी न्या. काही झालं तर आणा."

आबा हलले नाहीत.

पिंप्राळ्यातल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात सकाळपासून गर्दी होती. डॉक्टरीणबाईंना अकरा वाजता एका अडलेल्या म्हशीसाठी खेड्यावर जायचं होतं. तोवर आजारी जनावरं तरी तपासून व्हावीत, म्हणून त्यांचा मदतनीस मगन चांगली जनावरं परत पाठवत होता.

"लस द्यायची आहे," आबा म्हणाले. "आज पंचेचाळीस दिवस पुरे झाले."

"मग सोमवारी या. दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

काय फरक पडतो ते आबांनी पाहिलं होतं. त्यांच्या गल्लीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली कुत्रीने चार पिल्लं घातली होती. त्यातलं हे एक आबांनी महिन्याचं झाल्यावर घरात घेतलं. मागच्या आठवड्यात बाहेरच्या तिघांना उलट्या लागल्या, मग रक्ताची हगवण. चार दिवसांत तिन्ही गेली. हे एकच उरलं. आबांनी त्याला दाराबाहेर पाय ठेवू दिला नाही. धरणगावहून जंताचं औषध आणून पाजलं. म्हशीच्या दुधाने पोट बिघडलं तेव्हा दूध बंद करून मऊ भात भरवला. कानातले गोचीड बोटांनी एकेक काढले.

गाव हसलं. "बाई गेली आणि आबाचं डोकं गेलं," असं लोक म्हणाले. आबांची बायको सुनंदाबाई अडीच महिन्यांपूर्वी अंगण झाडता झाडता कोसळली आणि जळगावला नेईपर्यंत गेली. तिचं कधी साधं डोकं दुखल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मुलगा ललित चाळीसगावला नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "आईचं वर्ष व्हायचंय अजून, आणि तुम्ही कुत्र्याचे लाड करताय?" आबांनी फोन ठेवला.

आज सकाळी एसटीतही तेच. पिशवीतून पिल्लाने डोकं काढलं आणि कंडक्टर ओरडला, "जनावर चालत नाही!"

"तिकीट फाड त्याचं."

"कुत्र्याचं तिकीट नसतं, बाबा."

"नसतं ना? मग बिनतिकिटाचं येऊ दे."

मागच्या सीटवरून गावचा झिपरू म्हणाला, "आबा, काय व्हयनं त्याले?"

"काही नही."

"मंग सुई कसाले?"

अख्खी गाडी हसली. आबा खिडकीबाहेर बघत बसले, पण उतरले नाहीत.

आता ते दवाखान्याच्या बाकावर तसेच बसले. पिल्लू त्यांनी फरशीला टेकू दिलं नाही, मांडीवरच धरलं. शेजारी डिंपल नावाची मुलगी होती. तिच्या पांढऱ्या कुत्र्याची मान खाली पडली होती.

"काका, याला रात्रीपासून उलट्या होताहेत. तुमचं तर खेळतंय."

"तू जा आधी, बेटा. आजाऱ्याच्या आड मी येत नाही. पण उठणार पण नाही."

एकेक जनावर आत गेलं, बाहेर आलं. पावणेअकराला मगनने शटर अर्धं खाली ओढलं.

"आबा, उठा आता."

"नाही उठत."

"अहो, चांगल्या जिवाला दवाखान्याची पायरी चढवू नये. दुखणं मागे लागतं. तुमच्या वयाच्या माणसाला हे मी सांगायचं?"

बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. आबांचा चेहरा एकदम उतरला. म्हातारा नमला असं मगनला वाटलं. उठवायला म्हणून त्याने त्यांचा दंड धरला.

"हात काढ!"

आवाज एवढा मोठा होता की डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या.

"मॅडम, पिल्लाला काही झालेलं नाही, तरी हे उठत नाहीत," मगन म्हणाला.

बाईंनी पिल्लाच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, ताप बघितला. "जंताचं औषध दिलंय?"

"पंधरा दिवस झाले."

"खातं का?"

"ताटली चाटून पुसून ठेवतं."

"मगन, लस काढ फ्रीजमधून," बाई म्हणाल्या. "लस धडधाकटालाच देतात. आजारी पडल्यावर तिचा काही उपयोग नसतो."

सुई टोचली तसं पिल्लू एकदा कुंईऽ करून ओरडलं आणि लगेच आबांचा अंगठा चावायला लागलं. बाईंनी एकवीस दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं आणि त्या गाडीकडे पळाल्या.

मगन लसीच्या कार्डावर तारीख लिहीत होता. त्याचा राग गेला होता. "आबा, एक सांगा," तो म्हणाला. "एवढ्याशा पिल्लासाठी एवढं भांडण? लोक माणसासाठी पण असे अडून बसत नाहीत."

आबांनी कार्ड घेतलं. ते घडी करून खिशात ठेवलं.

"तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे तपासणीचं शिबिर आलं होतं. माझी बायको अशीच धडधाकट होती, तरी रांगेत जाऊन बसली," ते म्हणाले. "मीच तिला दंडाला धरून उठवलं."